रिकामे रकाने

या गोष्टीतली डॉक्टरीण कल्पित आहे आणि तिचे रुग्णही. तिच्या गोष्टीच्या पोटात जी दुसरी गोष्ट येते, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांची, ती मात्र खरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. ही सगळी कथा खऱ्या आणि खोट्या नोंदींची आहे, तेव्हा सांगणाऱ्यानंही आपली नोंद साफ ठेवली पाहिजे.

साक्रीला कान नदीच्या काठी कांदा-बाजरी करणारं एक घर. त्या घरातली ही मुलगी. शाळा साक्रीत, बारावी धुळ्याला, पुढे एमबीबीएस आणि मग एमडी मेडिसिन. साक्रीतून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावर फिजिशियनचा बोर्ड लावला असता तर वर्षाच्या आत स्वतःची इमारत उभी राहिली असती, असं नातेवाईक तिला आजही ऐकवतात. तिला शिकवायचं होतं. सकाळच्या राउंडला एका खाटेपाशी थांबून रोग्याच्या नखांवरून, मानेवरच्या शिरेवरून अर्धा अर्धा तास बोलणारे एक सर तिला विद्यार्थिदशेत लाभले होते, आणि आपणही तसंच उभं राहावं ही तिची हौस होती. एका वैद्यकीय महाविद्यालयात ती सहायक प्राध्यापक झाली.

तिच्या ओपीडीत साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले रुग्ण यायचे. पिंपळनेरच्या पलीकडचे डोंगरातले पाडे, दहिवेलपासून कोंडाईबारी घाटापर्यंतच्या वस्त्या. भिल्ल, कोकणा, मावची घरांतली तरुण पोरं. हातपाय, कंबर, छाती धरून कण्हत यायची. डोळे पिवळसर, रक्त कमी. हा सिकलसेल. आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून दोष आला की तांबड्या पेशी ताठ होतात, विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथलं हाड, फुप्फुस, प्लीहा तडफडते. थंडी, तहान, अतिश्रम, ताप, यांतलं काहीही ही कळ उठवायला पुरतं. यावर हायड्रॉक्सियुरिया नावाची जुनी, स्वस्त कॅप्सूल आहे. बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन असतं, ते ती पुन्हा वाढवते आणि पेशींचं वाकणं कमी होतं. मुख्य अटी दोन: ती रोज घ्यावी लागते, आणि अधूनमधून रक्त तपासून पांढऱ्या पेशी फार उतरल्या नाहीत ना, हे पाहावं लागतं.

तिनं अभ्यास हाती घेतला. एथिक्स कमिटीची मंजुरी घेतली, संमतीपत्रं मराठीत केली, वाचता न येणाऱ्याला ती स्वतः वाचून दाखवून अंगठे घेतले. रुग्ण दर महिन्याला येणार, गोळ्या घेणार, कळा किती वेळा आल्या ते सांगणार, आणि वर्षाअखेरीस हिशेब होणार. काम सरळ होतं. दिवाळीपर्यंत सगळे आले. दिवाळीनंतर काही जण यायचे थांबले. वर्ष भरत आलं तेव्हा संगणकावरच्या तक्त्यात अकरा ओळी अशा होत्या की पहिले काही रकाने भरलेले आणि पुढचे कोरे.

तिच्या बढतीला शोधनिबंध हवा होता. आपल्याकडे वैद्यकीय शिक्षकाची बढती छापलेल्या निबंधांवर तोलली जाते, आणि त्या तराजूनं अनेक चांगल्या माणसांचे हात मळवले आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. चांगला शिकवणारा, रात्री वॉर्डात उठून येणारा शिक्षक मागे राहतो. कुणाच्या तरी निबंधात आपलं नाव घुसवणारा पुढे जातो. तिच्या विभागातल्या एका सहकाऱ्यानं तक्ता पाहिला आणि सहज सांगितलं, "मॅडम, इतके आले त्यांचा ट्रेंड तर दिसतोच आहे. या अकरा जणांचे आकडे त्याच चालीनं टाकून द्या. नाहीतर ओळी उडवून टाका. कोण बघायला येतंय साक्रीच्या पाड्यात?"

तो माणूस दुष्ट नव्हता. त्यानं स्वतःचा थिसिस असाच पुरा केला होता आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. एवढंच.

तिनं त्या रात्री दोन्ही करून पाहिलं. आकडे भरले तर निष्कर्ष झकास येत होता. ओळी उडवल्या तरी झकासच येत होता. कोरे रकाने जसेच्या तसे ठेवले तर मात्र प्रश्न उभा राहत होता, आणि प्रश्न घेऊन मुदतीत निबंध पुरा होत नव्हता. शनिवारी ती धुळ्याला सरांकडे गेली.

सर निवृत्त होऊन देवपुरात राहत होते. शिक्षण सेवाग्रामचं. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली तिथं काढलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या विद्यार्थ्यांना आधी गांधीजींच्या आश्रमात राहावं लागतं आणि प्रत्येक बॅच एक खेडं दत्तक घेते. खेड्यातल्या घरी गेल्याशिवाय रोगी कळत नाही, हा सरांचा हट्ट तिथला. कपाटात 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'चे अंक ओळीनं लावलेले. केईएमचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली मुंबईत सुरू केलेलं हे नियतकालिक सर वर्गात घेऊन यायचे आणि हृदयाच्या झडपांच्या तासाला मध्येच त्यातलं एखादं प्रकरण काढायचे. परीक्षेत ते येत नाही म्हणून मुलं कुरकुरायची.

तिनं लॅपटॉप उघडून दाखवला. सहकाऱ्याचा सल्लाही सांगितला. सरांनी तक्ता वर-खाली केला, अकरा ओळींवर थांबले आणि म्हणाले, "बावस्करांचा विंचू माहीत आहे ना तुला?"

"प्राझोसिन. परीक्षेला होतं, सर."

"औषध माहीत आहे. गोष्ट ऐक."

आणि त्यांनी सांगितली ती ही.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड. तिथल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा नागपूरला एमबीबीएस होतो आणि 1976 साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो. कोकणात तांबडा विंचू फार. चावला की धडधाकट माणूस, बरेचदा लहान पोर, घामानं भिजून यायचं. उलट्या, हातपाय गार, नाडी धावती, आणि काही तासांत श्वास लागून तोंडाला गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी भरून माणूस जायचा. गंभीर विंचूदंशानं दाखल होणाऱ्या शंभरांतले तीस-चाळीस दगावत. पुस्तकांत विंचवावर फारसं काही नव्हतं, आणि जे होतं ते खाटेवरच्या पोराशी जुळत नव्हतं.

"तिथं दुसरा कुणी असता तर काय केलं असतं?" सर म्हणाले. "रजिस्टरला लिहिलं असतं: विंचूदंश, मृत्यू. आणि पुढच्या बदलीची वाट पाहिली असती. हा माणूस खाटेशेजारी बसला. चावल्यापासून किती वेळानं घाम, किती वेळानं रक्तदाब वर, कधी तो खाली, फेस कधी आला, ठोके कसे बदलले. वाचला त्याचंही लिहिलं, गेला त्याचंही लिहिलं. आणि खरं सांगू का, वाचलेल्यांपेक्षा गेलेल्यांनीच त्यांना जास्त शिकवलं. विंचवाचं विष हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना कसं वेठीला धरतं, ते जे वाचले नाहीत त्यांच्या कागदावर उमटलं होतं. त्या ओळी 'निकालात बसत नाहीत' म्हणून उडवल्या असत्या तर?"

त्या निरीक्षणांचा निबंध 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मधल्या काळात बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी मेडिसिन केलं होतं, आणि ते पुन्हा कोकणातच आले. विषामुळे शरीरातल्या अल्फा रिसेप्टरांवर जो मारा होतो तो अडवणारी रक्तदाबाची एक साधी गोळी होती, प्राझोसिन. ती त्यांनी वापरून पाहिली. डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांचा त्यावरचा निबंध 1986 साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरांत तीस-चाळीस दगावत होते, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. तालुक्याच्या गावातून, कुठल्याही विद्यापीठाची खुर्ची पाठीशी नसताना.

"इथवर सगळ्यांना माहीत असतं," सर म्हणाले. "आता पुढचं ऐक. विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झालं. प्राझोसिन म्हणजे बावस्कर असं समीकरण जगभर झालेलं. अशा वेळी माणूस काय करतो? आपलं औषध जपतो. यांनी चाचणी लावली: एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दुसरा गट लवकर बरा झाला. 2011 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी स्वतःच्या नावानं ते छापलं. ज्या औषधानं नाव मिळवून दिलं, ते एकटं कमी पडतं हे त्यांनीच जगाला सांगितलं."

सरांनी पाण्याचा घोट घेतला.

"2013 साली त्यांच्याकडे पुण्याच्या एका तपासणी केंद्राकडून 1200 रुपयांचा चेक आला. रुग्ण पाठवल्याबद्दल. इतर डॉक्टरांना असे चेक येत नसतील असं समजू नकोस. त्यांनी तो घेतला नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रीतसर तक्रार केली. 2002 च्या आचारसंहितेत असं कमिशन घेणं-देणं दोन्ही मना आहे; नियम नवा नव्हता, तो मनावर घेणारा माणूस नवा होता. 2022 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरांत विंचू छापून आला, चेकही छापून आला, पण कुणी दोन्ही एकत्र वाचलं नाही. मी तुला एकत्र वाचायला सांगतोय. जो माणूस मेलेल्या पोराची नोंद लपवत नाही, तोच चेक परत धाडतो. संशोधन वेगळ्या कपाटात आणि एथिक्स वेगळ्या कपाटात, असं ते नसतंच."

ती गप्प होती. मग म्हणाली, "सर, पण मी काही चेक घेत नाहीये. अकरा आकडे आहेत फक्त."

"जपानात योशिताका फुजी म्हणून भूलतज्ज्ञ होते. 2012 च्या चौकशीत त्यांच्या 172 निबंधांत बनावट आकडे निघाले. पहिल्या निबंधाला त्यांनीही असंच काहीतरी म्हटलं असणार." सरांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "या अकरा ओळींना नावं आहेत?"

"कोड नंबर आहेत. नावांचं रजिस्टर वेगळं कुलपात असतं."

"मग कुलूप उघड. होळी जवळ आली आहे."

होळीचं त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. साक्री-नवापूरच्या डोंगरपट्ट्यातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, बारडोलीच्या, सुरतेच्या बाजूला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मजूर बांधलेला असतो. पण होळी हा इथल्या आदिवासींचा सगळ्यात मोठा सण. त्याला माणसं गावी परततात, काही कायमची, काही चार दिवसांसाठी. अकरा जणांना गाठायचं तर तीच वेळ होती.

तिनं रजा काढली, आणि पहिल्याच पाड्यावर तिला आपलं शास्त्र अपुरं असल्याचं कळलं.

रजिस्टरमधलं नाव घेऊन ती पाड्यात शिरणार, तोच गावातल्या आरोग्यसेविकेनं, आशाताईनं, तिला रस्त्यात थांबवलं. "मॅडम, तुम्ही तिच्या घरी गाडीनं जाऊन नाव पुकारणार? सोयरीक चालू आहे तिची. मुलाकडचे होळीला आलेले आहेत. सिकलची डॉक्टरीण दारात आली म्हटलं की उद्या सोयरीक मोडली."

डॉक्टरीण तिथंच उभी राहिली. खरी नोंद आणायला निघालेली ती, खरी नोंद आणता आणता एका मुलीचं गुपित पाड्यात फोडणार होती. संमतीपत्रात तिनंच लिहिलं होतं की तुमची माहिती गुप्त राहील. ते वाक्य एथिक्स कमिटीच्या बैठकीत किती सहज मंजूर झालं होतं! पाड्यावर ते पाळायचं म्हणजे काय करायचं, हे त्या बैठकीत कुणालाच सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

मग आशाताईनंच मार्ग काढला. आश्रमशाळेच्या ओट्यावर दोघी बसल्या, रक्तदाबाचं यंत्र मांडलं, आणि येईल त्याचा रक्तदाब तपासायला लागल्या. म्हातारे आले, बाळंतिणी आल्या, होळीला आलेले पाहुणे आले. त्यांच्यात ज्यांना गाठायचं होतं तेही आले. त्यांच्याशी बोलायचं ते पलीकडच्या खोलीत, इतरांसारखंच, इतरांइतकाच वेळ. पुढच्या सगळ्या पाड्यांवर त्यांनी हेच केलं. वेळ दुप्पट गेला. कुणाचं नाव कुणाला कळलं नाही.

ती मुलगीही आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, गोळ्या द्या. पण मला तुमच्या कागदातून काढा. काही विचारू नका."

डॉक्टरणीला ती गोळ्या घेते की नाही, कळा किती आल्या, हे विचारावंसं वाटत होतं. उत्तर ओठांवर असल्यासारखी मुलगी समोर बसलेली होती. पण केव्हाही बाहेर पडता येईल आणि त्यामुळे उपचार थांबणार नाहीत, हेही तिच्याच संमतीपत्रात लिहिलेलं होतं. तिनं रक्त तपासायची तारीख ठरवून दिली, गोळ्या दिल्या, होणाऱ्या नवऱ्यानंही लग्नाआधी सिकलची तपासणी करून घेणं का महत्त्वाचं आहे ते हळू आवाजात समजावलं, कुठे करायची तेही सांगितलं, आणि त्या ओळीसमोर लिहिलं: अभ्यासातून स्वेच्छेनं बाहेर.

दुसऱ्या एका पाड्यावर एका कोड नंबरचं घर सापडलं. अंगणात बाई होती. ती कोकणा, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना बाजारातली अहिराणी बोलायची. डॉक्टरणीनं मुलाची चौकशी केली तशी बाई तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माय, मना पोऱ्या गया."

जानेवारीत गेला होता. एकोणीस वर्षांचा. तिनं सांगितलं ते असं. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा पोराजवळ महिन्याच्या गोळ्या होत्या. ओपीडीत महिन्याच्याच देतात. पुढची तारीख केसपेपरवर लिहिलेली होती. महिना सरला. "गोया सरी गयात," बाई म्हणाली, जसं मीठ सरलं म्हणावं तसं. तारखेला यायचं तर मुकादम सोडेना. उचल फिटायची होती. पहाटे अंधारात उसात शिरायचं, थंडीनं अंग काकडायचं, दिवसभर कोयता, पाण्याची आठवण तहान लागून गेल्यावर यायची, आणि रात्री ट्रक भरायचा. पोराची छाती दुखायला लागली. तिथल्या एका डॉक्टरनं सलाइन लावलं, दुखायचं इंजेक्शन दिलं. त्याला सिकलसेलचं सांगितलं का, असं डॉक्टरणीनं विचारलं. बाई घरात गेली, पत्र्याच्या पेटीतून एक कार्ड घेऊन आली. सिकलसेलचं कार्ड. ते गुजरातेत नेलंच नव्हतं. मुकादमाला कळलं असतं तर त्यानं पोराला टोळीत घेतलं नसतं, आणि जोडीला माणूस नसेल तर कोयता अर्धा पडतो.

डॉक्टरणीनं ते कार्ड हातात घेतलं. मागच्या बाजूला तिचीच सही होती.

उरलेल्यांची हकिगत लांबवत नाही. बहुतेक सगळे ऊसतोडीला गेलेले, बहुतेक सगळ्यांच्या गोळ्या एका महिन्यात संपलेल्या, कळा वाढलेल्या, दोघांना तिकडे रक्त चढवलेलं. आणखी एक मृत्यू झालेला. एक जण मात्र कांद्याच्या शेतात पिंपळनेरजवळच कामाला होता, त्याला फक्त ओपीडीची तारीख चुकली म्हणून रागावतील याची भीती वाटली होती.

परत येऊन तिनं तक्ता पुरा केला. दहा ओळी भरल्या. एक कोरीच राहिली, कारणासह. आता हिशेब पूर्ण उलटा दिसत होता. जे गावात राहिले त्यांच्यावर औषधानं काम केलं होतं, आणि तक्त्यात आधी तेवढेच दिसत होते. जे स्थलांतर करून गेले, त्यांच्यापर्यंत औषध पोचलंच नव्हतं. सहकाऱ्याच्या सल्ल्यानं कोरे रकाने त्याच चालीनं भरले असते, तर जानेवारीत उसाच्या फडात गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा कागदावर फेब्रुवारीतही गोळ्या घेत राहिला असता, मार्चमध्ये त्याची कळ थांबली असती, आणि वर्षाअखेरीस तो बरा झालेल्यांत मोजला गेला असता. खोटा आकडा म्हणजे हे असतं. एरवी आपण त्याला 'डेटा थोडा नीट केला' म्हणतो.

सहकाऱ्यानं नवा तक्ता पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "आता हे छापणार कोण? औषध चालतं की नाही, एवढंही सरळ सांगता येत नाही यातून."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पहिल्या नियतकालिकानं निबंध परत पाठवला. दुसऱ्यानं शीर्षक बदलायला सांगितलं, दोनदा दुरुस्त्या मागितल्या, आणि अखेर तो एका लहान नियतकालिकात आला. तोवर त्या वर्षीची बढती निघून गेली होती. तिच्याबरोबरचे दोघे पुढे गेले. तिला त्याचं वाईट वाटलं; वाटणारच. सचोटीनं वागणाऱ्याला फळ लगेच मिळतं असं सांगणाऱ्या गोष्टी मुलांसाठी ठीक आहेत, वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला त्या सांगू नयेत.

पण त्याच महिन्यात तिनं ओपीडीचा केसपेपर बदलला. नाव, वय, पत्ता यांच्या खाली एक नवी ओळ आली: दिवाळीनंतर कुठे? रुग्ण 'बारडोली' म्हणाला की रक्त तपासून, पेशी ठीक असतील तर हंगामाच्या हिशेबानं गोळ्या कशा पोचवायच्या, मधल्या काळात रक्त कुठे तपासायचं, हे त्याच्याशी बसून ठरवलं जातं. कार्डाचा फोटो रुग्णाच्या आणि त्याला चालत असेल तर घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगितलं जातं, म्हणजे पेटीत राहिलेलं कार्डही परक्या गावच्या डॉक्टरला दाखवता येतं आणि मुकादमाच्या हातात पडत नाही. ही युक्ती त्या सहकाऱ्याची. त्याचे विद्यार्थी हल्ली थिसिस घेऊन आले की तो सगळ्यात आधी शेवटचं पान उघडतो आणि कोण कोण यायचं थांबलं ते विचारतो.

सरांना तिनं छापलेला निबंध नेऊन दिला. त्यांनी सारांश सोडून तक्ताच वाचायला घेतला. कोऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही का सोडलीस?"

"तिनं नको म्हटलं, सर."

"बरं केलंस," सर म्हणाले, आणि पान उलटलं.

दिवाळी झाली की कोंडाईबारी घाटातून ट्रक पुन्हा गुजरातेकडे उतरतील. साक्री, नवापूर, पिंपळनेर या बाजूच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, शेतावर सिकलसेलचा कुणी रुग्ण ऊसतोडीला निघत असेल, तर टोळी हलायच्या आधी त्याला दवाखान्यात घेऊन जा. रक्त तपासून घ्या, किती दिवसांच्या गोळ्या सोबत लागतील ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आपल्या मनानं गोळी बंद करू नका की वाढवू नका, कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये काढून द्या आणि पाण्याची बाटली त्याच्या कंबरेला राहील असं पाहा. आणि हे सगळं त्याचं नाव चारचौघांत न घेता करा.